काचेमागची झोप

एउलोहिओला झोपण्याचा पगार मिळत होता आणि झोप काही येत नव्हती. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. व्हिलारिकाच्या मोठ्या रस्त्यावर दोन्या पेर्पेतुआचं, म्हणजे पेर्पेतुआबाईंचं, गाद्यांचं दुकान. भरदुपारी जेवायला आणि आडवं व्हायला घरी निघालेल्या माणसाला काचेमागे कुणी ढाराढूर झोपलेला दिसला की गादी खपलीच, असा दोन्याचा हिशेब. तिनं एउलोहिओला निवडलं, कारण हा पठ्ठ्या पूर्वी बसच्या टपावर, चर्चच्या बाकावर, इतकंच काय, स्वतःच्या लग्नातही झोपला होता.

काचेमागे आडवा झाला त्या दिवसापासून मात्र डोळ्याला डोळा नाही. डोळे मिटून तो घोरण्याचं सोंग करायचा. पण लोक काय आंधळे असतात? बाहेरून एक जाडी बाई रोज सांगायची, "पापण्या हलतायत मेल्याच्या." या गादीवर माणसाची झोप उडते, असं गावभर झालं. शेवटी दोन्यानं बजावलं, शनिवारी दुपारी खरोखर झोपलास तर ठीक, नाहीतर तुझ्या जागी माझा भाचा. बायको, पोरं, सासू, सगळी एउलोहिओच्या झोपेवर जेवत होती.

समोरच्या कोपऱ्यावर सिन्फोरियाना मावशी उखळात पाला कुटत बसायची. तिनं नीट विचारपूस केली. रात्री काय खातोस, कुशीवर निजतोस की पाठीवर, डोक्यात कसली काळजी आहे. मग कृष्णकमळाचा पाला आणि संत्र्याची फुलं कुटून त्याच्या तेरेरेच्या थर्मासात टाकली. बर्फगार पाणी येर्बाच्या पत्तीवर ओतायचं आणि नळीनं ओढायचं, ते तेरेरे. इथं औषध त्यातूनच घेतात, दुसरं कशातून घेणार? एउलोहिओ सकाळपासून ओढत बसायचा. झोप नाही आली की मावशी पाला वाढवायची आणि पाला वाढला की हा थर्मास वाढवायचा. येर्बाची पत्ती माणसाला टक्क जागं ठेवते हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ते ट्रक हाकताना. औषधात ती धरायची नसते, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेलं.

"मावशी, तुला येते का गं झोप?" त्यानं एकदा विचारलं.

"मला काय धाड भरलीय? स्वतःच्या हातचं औषध पिते मी," मावशी लालभडक डोळे चोळत म्हणाली.

शनिवारी सकाळीच दोन्यानं थर्मास काढून घेतला. झोपलेला माणूस सारखा लघवीला उठून जातो, हे गिऱ्हाइकाला काय सांगायचं, असा तिचा सवाल. एउलोहिओ पाया पडायचा बाकी राहिला. शेवटी मावशीनं दिलेला पाला त्यानं नुसत्या गरम पाण्यात उकळून कपातून प्यायला. असा तर मरायला टेकलेले पितात, या विचारानं त्याला रडूच फुटलं. इकडे थर्मास फुकट कशाला घालवायचा म्हणून दोन्यानं तो एकटीनं संपवला.

दुपारी काचेबाहेर लोक खुर्च्या घेऊन जमले. एउलोहिओ आडवा झाला आणि थोड्याच वेळात त्याचं तोंड उघडं पडलं, लाळ उशीवर आली. जाड्या बाईनं काचेला नाक लावलं. पापण्या हलत नव्हत्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

मावशी उखळ टाकून आत शिरली. "ही गादी मला दे."

दोन्या म्हणाली, तशीच कोरी देते गोदामातून.

"कोरी नको, हीच. नवरा गेल्यापासून जागी आहे मी. गावाला झोपेचं औषध देते आणि स्वतः छताकडे बघत पडते. लाज वाटते गं मला."

एउलोहिओला हलवलं, पाणी मारलं, पाय ओढले. छे. विकलेला माल अडवून कसा ठेवणार? चौघांनी त्याच्यासकट गादी खांद्यावर घेतली. चौकातून मिरवणूक निघाली तेव्हा बायकांनी क्रूसाची खूण केली. सोमवारी वेळेवर ये रे, दोन्या मागून ओरडत होती.

निघताना मावशीनं दोन्याला विचारून घेतलं होतं, यानं आज काय प्यायलं? घरी तिनं पातेलं चुलीवर ठेवलं, कपातला काढा तोंड वाकडं करून घशाखाली घातला आणि त्याच्या पायाशी डोकं करून पडली. संध्याकाळी एउलोहिओची बायको न्यायला आली, तर दोघं दोन टोकांना घोरत होती. तिनं दोघांवर एकच चादर घातली.

तिकडे काच रिकामी आणि गिऱ्हाईक ताटकळलेलं. भाचा नेमका मासे पकडायला गेलेला. शेवटी दोन्यानं नवी गादी ओढली, स्वतःच चपला काढून आडवी झाली आणि डोळे गच्च मिटले.

जाड्या बाईनं खुर्ची पुढं घेतली.

"पापण्या हलतायत मेलीच्या," ती म्हणाली.