डबल पावरचं यंत्र

शेजारच्या राधाकृष्णाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात एवढी गर्दी फक्त निवडणुकीत होते. खुब्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेली, अन्न टाकलेली त्याची आई गोजरबाई चक्क भाकरी मागत होती!

"यंत्राची किमया!" गंडेदोरे करणारे झुंबरबाबा गरजले. आठवड्यापूर्वी त्यांनी तिच्या खाटेशेजारची बंद खिडकी उघडून गजाला तांब्याचं चिमुकलं यंत्र बांधलं होतं. "ब्रह्मांडाची ऊर्जा आता फुल रेंजमध्ये येतीय!"

ब्रह्मांडालाही रेंज लागते, हे आम्हाला नवीनच होतं.

"आता डबल पावर करू. आजी पळत्याल!"

आणि खिडकीभर यंत्राचा भला मोठा पत्रा ठोकला गेला.

तिसऱ्या दिवशी गोजरबाईनं ताट सरकवलं. चौथ्या दिवशी पाणीही नको म्हणाली. आरोग्य उपकेंद्रातल्या प्रज्ञा सिस्टर तपासायला आल्या, तेव्हा राधाकृष्ण रडवेला झाला होता. "ताई, आय हातची जाती आता. काय चुकलं आमचं?"

सिस्टरनी आजीलाच विचारलं. इतक्या शहाण्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

"जवारी हुरड्यात आलीया बाई," आजी पुटपुटली. "बाबानं बंद खिडकी उघडली तवापासनं पाखरं हाकलीत हुते. वरडून वरडून भूक लागायची. आता निस्ता पत्रा बघत पडायचं व्हय?"

"आधी खिडकी कुणी बंद केली होती?" सिस्टरनी विचारलं.

राधाकृष्णानं मान खाली घातली. "आमीच. दक्षिण म्हंजी यमाची दिशा न्हवं का."

"पक्कड आणा, दादा."

पत्रा निघाला. समोर कणसांनी भरलेलं वावर आणि त्यावर उतरलेला चिमण्यांचा थवा. आजी कोपरावर उठली. "हूऽऽर्र! मुडद्यांनो!" दुपारी अर्धी भाकरी पोटात गेली.

बाबा धापा टाकत आले आणि गजाला अजून बांधलेल्या चिमुकल्या यंत्राकडे बोट दाखवलं. "हा पहिल्या यंत्राचा परिणाम!"

"मग तेही काढू," म्हणत सिस्टरनी ते सोडून बाबांच्या हातात ठेवलं. संध्याकाळी आजीनं पिठलं मागितलं. बाबा पुन्हा दिसले नाहीत.

मला त्यांचा राग येत नाही, आमचाच येतो. हाड डॉक्टरांनी जोडलं, गोळ्या आम्ही वेळेवर दिल्या, सगळं बरोबर केलं. पण पीक, पाखरं, झाडं दिसली की आजारी जिवाला उभारी येते, एवढी साधी गोष्ट विसरून आम्ही म्हातारीला अंधारात ठेवलं आणि श्रेय तांब्याला दिलं. मंडळी, चमत्कार वाटला की आधी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, मग हात जोडा. आणि यमाच्या भीतीनं जिवंत माणसाची खिडकी लावू नका.