बोअरच्या पाण्याची परीक्षा

मित्रांनो, मी द्रव मोजायचा काचेचा एक जुना सिलिंडर आहे. बावीस वर्षांपूर्वी लातूरच्या एका कॉलेजात आलो. किती मुलांनी माझ्या रेघांशी डोळा नेऊन माप घेतलं! मग न फुटणारे प्लॅस्टिकचे सिलिंडर आले आणि मी कपाटाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलो.

पीएच.डी. करणाऱ्या बुशराने मला बाहेर काढलं. तिला आरपार दिसायला हवं होतं. सोयाबीनवर फवारायची जस्ताच्या ऑक्साइडची बारीक पांढरी पूड पाण्यात तरंगती ठेवायची, हे तिचं संशोधन. शुद्ध पाण्यात ती दिवसचे दिवस तरंगे. कणांवर सारखाच विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत. प्रबंध लिहायचाच बाकी होता.

तेवढ्यात रेणापूरचे शेतकरी किशनराव आले. त्यांनी बुशराने दिलेला नमुना फवारून पाहिला होता.

"ताई, नोझल बुजून राहिलं. तुमचं औषध आमच्या बोअरच्या पाण्यात फाटतंय."

बुशराने त्यांचं पाणी माझ्यात ओतलं, पूड मिसळली. अर्ध्या तासात सगळी माझ्या तळाशी! पाण्यातल्या क्षारांनी कणांचं लोटणं दुबळं केलं होतं. ते एकमेकांना चिकटले होते.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "शुद्ध पाण्यापुरतं लिही आणि मोकळी हो."

"सर, शेतात शुद्ध पाणी कुठून आणायचं?" असं म्हणून ती माझ्या तळाचा थर पुन्हा ढवळू लागली. तीन वर्षांचं काम पणाला लागलं होतं.

तिचे वडील खाजामियाँ कंधारला दुकानांच्या पाट्या रंगवतात. कामानिमित्त लातूरला आले, तेव्हा तिचा डबा घेऊन प्रयोगशाळेत डोकावले. मला उजेडात धरून म्हणाले, "बेटा, आमची काजळीची शाईबी अशीच बसायची. बाभळीचा डिंक घातला की न्हाई बसत."

बुशराने डिंक घातला. तो कमी पडला आणि उलट मोठ्या गुठळ्या झाल्या. तिने माप वाढवत नेलं. अकराव्या खेपेला डिंकाने प्रत्येक कणाला पुरतं लपेटलं. चिकटायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशीही मी वरपासून खालपर्यंत दुधासारखा पांढरा होतो. तिने वडिलांना फोन लावला आणि बोलता बोलता रडली.

किशनरावांनी अख्खा पंप फवारला. "हाव ताई, लई झ्याक! न्हाई बुजलं."

आता गावोगावच्या पाण्याच्या बाटल्या येतात. काही पाण्यांत पूड अजून बसते. का, ते नेमकं कुणालाच ठाऊक नाही. बुशरा शोधते आहे.

मित्रांनो, माझं एकच मागणं. काम झालं की मला लगेच धुवा. तळाशी वाळलेला जुना थर नव्या पाण्यात मिसळला, तर माझ्या काचेतून तुम्हाला खोटंच दिसेल. आज उदगीरची बाटली आली आहे. बुशरा मला विसळते आहे.