सोवळ्यातलं यीस्ट

"तांदूळ भिजत घालू का गं? दिवाळी दहा दिवसांवर आली. अनारशांचं पीठ मुरायला हवं."

मी बूट घालत होते. "नको आई. आंबवायचं काही नको, सांगितलंय ना."

"बरं. सासूबाईंचं सोवळं संपलं तेव्हा वाटलं, सुटले. आता लेकीचं."

माझ्या डब्याला हात लावण्याआधी तिनं कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. दोन महिने ती रोज धूत होती.

आमच्या प्रयोगशाळेत यीस्टचं एक गुणसूत्र नव्यानं घडवायचं काम चाललं होतं. संगणकावर लिहायचं, मग जुन्याचा एक तुकडा काढून तिथे आपला बसवायचा आणि पेशी जगते का पाहायचं. अकराव्या तुकड्यानंतर ती जगली, पण रखडत. मग एके दिवशी बशीत भराभर वाढलेले ठिपके दिसले. आम्ही पेढे वाटले. आठवड्यानं कळलं की ते आमचं यीस्ट नव्हतंच. आंबवलेल्या पिठात असतं तसं कुठलं तरी नैसर्गिक यीस्ट आत शिरलं होतं, आणि गोठवून ठेवलेल्या नळ्यांतही तेच होतं. आठ महिने फुकट.

"घरी इडली-बिडली कोण करतं?" विश्वजीत सरांनी विचारलं होतं.

"आई," मी म्हणाले.

कसब्यातल्या आमच्या घरी येऊन मी पिठाचं पातेलं तिच्यासमोर मोरीत ओतलं. तिनं पातेलं घासून पालथं घातलं.

अनारशांना नाही म्हटलं त्या सकाळी माझ्या पिशवीत तपासणीचा अहवाल होता. तीन आठवडे जुना. शिरलेलं यीस्ट स्वयंपाकघरातलं नव्हतं. तुलनेसाठी आम्ही शेजारीच वाढवतो, ते मूळचं, न बदललेलं यीस्ट होतं. द्रव उचलायच्या पिपेटचं टोक न बदलता मी ते एका नळीतून दुसरीत नेलं होतं. माझीच वही, माझंच अक्षर, तारीखसुद्धा. ना सरांना सांगितलं, ना तिला. फराळाला बसलो की सांगू, असं ठरवलं होतं.

"डबा विसरू नका बाईसाहेब," ती म्हणाली. "निर्जंतुक आहे."

दुसऱ्या दिवशी मंडईतून येताना ती रस्त्यात कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लोकांनी तिची पिशवी आणून दिली. तिच्यात वाल होते आणि विकतच्या अनारशांचा पुडा.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. नवे विद्यार्थी आले होते. सर त्यांना स्वच्छतेचे नियम सांगत होते.

"आणि घरचं पीठ घरीच ठेवा. आमचे आठ महिने एका काकूंच्या इडलीनं खाल्लेत!"

मुलं हसली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तनुजानं सरांच्या बाहीला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. सरांचा चेहरा उतरला.

"माफ कर, मैत्री. माझ्या लक्षातच..."

मान हलवून बसून राहता आलं असतं. तेवढंच पुरलं असतं, सगळ्यांना. मी उठले.

"सर, आईच्या पिठातून काहीच आलं नव्हतं. टोक मी बदललं नाही. अहवाल दिवाळीच्याही आधीपासून माझ्याकडे आहे."

एक मुलगी हे वहीत लिहून घेत होती, ती थांबली.

"तिला वाटत होतं, तिच्यामुळे झालं," मी म्हणाले. "आणि मी तिला तसं वाटू दिलं."