चुडामणची तिसरी तार

"यामा तुले काय भेटी, ते तरी सांग!" हिंमतरावांनी जळालेली मोटार दुकानाच्या ओट्यावर टेकवली आणि सरळ हिशेबालाच हात घातला. "नौकरी भेटी? नई. बायको भेटी? ती तं शे. नाव व्हई? या वयमा कसानं नाव!"

चुडामण गिटारीवर वाकला होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिटारीच्या पोटाला टेकवलं होतं, मूठ कानाशी धरली होती, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तारेवर चालला होता. मोटारीचं बेअरिंग गेलंय का, हे मिस्त्री लोक असंच ऐकतात. गिटारीला बेअरिंग नसतं एवढं त्यालाही ठाऊक होतं. पण सत्तावीस वर्षं कान ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने तो जाणार.

"काका, मोटार गुरुवारले भेटी," तो म्हणाला. "आते गप बठा. तार लागी ऱ्हायनी."

हिंमतरावांचा हिशेब खोटा नव्हता. खांडबाऱ्यात स्टेशनाकडच्या रस्त्याला चुडामणचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. भिंतीला भिंत लावून त्याच्या बायकोची, तापीबाईची, पिठाची गिरणी. दोघांना पुरून उरेल एवढं काम. एकुलती मुलगी दामिनी, तिचंही लग्न ठरलेलं. अशा माणसाने पन्नाशीत गिटार उचलावी, यात नफ्याची बाजू गावात कुणालाच सापडत नव्हती. आणि खांडबारा आठवडे बाजाराचं गाव. नफा कुठे लपलाय हे शोधण्यात ते सहसा चुकत नाही.

खूळ लागलं होतं चिंचपाड्याला. पाच वर्षांपूर्वी तो तिथल्या दवाखान्यात बोअरची मोटार बसवायला गेला होता. दुपारी ड्यूटी संपलेली रिना सिस्टर झाडाखालच्या बाकावर गिटार घेऊन बसली होती आणि पेशंटचे नातेवाईक डबे बाजूला ठेवून ऐकत होते. चुडामण खांद्यावर साखळी घेऊन तसाच उभा राहिला.

"सिस्टर, हाई कोनपाशे शिकनात तुम्ही?"

"कोणाकडे नाही भाऊ. वाजवत बसायचं. येतं आपोआप."

त्या 'आपोआप'ने घात केला. पुढच्या खेपेला तो सुरतेहून तांब्याच्या तारेची रिळं घेऊन पॅसेंजरने परतला, तेव्हा रिळं सीटखाली होती आणि मांडीवर एक वापरलेली गिटार होती. सुरतेपासून खांडबाऱ्यापर्यंत त्याने ती खाली ठेवली नाही. दामिनी तान्ही असताना तिला तरी त्याने इतका वेळ मांडीवर घेतलं होतं का, असं तापीबाईने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.

आपोआप काही आलं नाही. पहिली तार तुटली तेव्हा त्याने तिच्या जागी मोटार भरायची तांब्याची तार लावली. तांबं मऊ. दोन फटक्यांत ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबली. सगळ्या तारांचा सूर एकदम वर चढवायला बाजारात चिमटा मिळतो. याने अर्धी पेन्सिल तारांवर आडवी ठेवली आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळली. ती युक्ती मात्र जमली. बोटांची टोकं सोलली, सुजली, मग टणक झाली. "आते गरम डाग लागना तरी समजत नई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटं दाखवून सांगे. पदक मिळवलेला माणूसही इतका मिरवत नसेल.

भांडण होतं ते सूर लावण्यावरून. दामिनीने मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप घालून दिलं होतं. त्यातला काटा मध्यावर आला की तार बरोबर. चुडामणने स्वतः जुळवलेल्या तारेला काटा कधीच मध्यावर येत नसे, थोडा उजवीकडेच अडकून राही. त्याने निकाल दिला की मोबाईल बिघडला आहे. त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. भिंतीपलीकडे गिरणीची मोटार सुरू झाली की एक हुंकार येई. लाइट मंद होवो की तेज, हुंकार तोच. त्या हुंकाराला तो तिसरी तार जुळवी आणि तिसरीला बाकीच्या पाच. गिरणीच्या धडधडीत तार ऐकू यावी म्हणून तर तो स्क्रू-ड्रायव्हर.

एकटा वाजवायला बसला की सगळं सरळ चाले. गिरणी बंद झाली, तापीबाई स्वयंपाकाला घरात गेली, की तो तासभर वाजवी आणि छानही वाजवी. पण त्याच्या गिटारीबरोबर कुणाला गाता येईना. भजनी मंडळाच्या पेटीवाल्याने त्याला, भिकाऱ्याला करतात तशी, हाताने 'पुढे जा' अशी खूण केली होती. पाच वर्षांत एकाही माणसाचा गळा त्या गिटारीवर टेकला नव्हता, आणि चुडामणला हवं होतं तेवढंच. दामिनी सासरी जायच्या आत, एकदा.

म्हणून त्याने तापीबाईपुढे अर्ज केला. हळदीच्या दिवशी एक गाणं.

"एक देस," ती म्हणाली. "पन लोकेस्मा हासं व्हयनं, तं ती गिटार माळावर जाई. परत खाले येवाव नई."

"मंजूर."

"मंजूर म्हनतस तं मन्ही शपथ ले."

त्याने घेतली. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने तिची शपथ कधी मोडली नव्हती, म्हणून त्याला घाम फुटला.

दामिनीने आपल्या शाळेतल्या योगेंद्र सरांना कीबोर्ड घेऊन बोलावलं. ते दोन दिवस आधी येऊन गिटार पाहून गेले. त्यांनी तारा छेडल्या आणि भुवया वर केल्या.

"काका, ही ना या सुरात आहे, ना त्याच्या वरच्या. दोन्हींच्या मधोमध कुठे तरी बसलीय. कोणाकडून लावून आणली?"

"मीच लायी."

"बरं," सर सभ्य होते. त्यांनी ॲप काढलं, सहाही तारा पिळून काटा मध्यावर आणला आणि गेले. चुडामणने वाजवून पाहिलं. काट्याच्या मते सगळं बरोबर होतं. त्याला मात्र बेअरिंग घासत असल्यासारखं ऐकू येत होतं. पण सर शिकलेले. त्याने खुंट्यांना हात लावला नाही.

हळदीच्या दुपारी मांडवात शंभरेक माणसं असतील. दामिनी पाटावर, बायका भोवती, सरांचा कीबोर्ड टेबलावर आणि चुडामण इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्चीच्या टोकावर. नवरीची आई म्हणून पहिलं गाणं तापीबाईचं. तिने पदर खोचला आणि गिरणीवाल्या बाईच्या खड्या आवाजात सुरू केलं:

"मांडवले उनी हयद, माय हासस का रडस..."

सर कीबोर्डावर तिच्यामागे धावले. आपला सूर खाली लागतोय असं वाटून त्यांनी तो बटण दाबून एक पायरी वर नेला. तापीबाई खाली राहिली. पायरी उतरवली; ती वर राहिली. चुडामणची गिटार कीबोर्डाबरोबर इमानाने चुकत होती. मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"वं तापी," सुंदरबाई ओरडली, ही चुडामणची थोरली बहीण, "गाना म्हनी ऱ्हायनी का बोकड हाकी ऱ्हायनी?"

मांडव हसला. सर घाम पुसत म्हणाले, "काकू, जरा एका ठिकाणी थांबा ना. वर तरी या नाही तर खाली."

"ती जिनामाच बठेल शे, सर!" सुंदरबाई म्हणाली. "तिले ना वरला मजला, ना खालला."

मांडव दुसऱ्यांदा हसला. तापीबाई थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. शपथ आठवून पाहिलं की कीव येऊन, ते कळलं नाही. चुडामणने मान खाली घातली, आणि मग त्याच्या डोक्यात काही तरी खटकन् लागलं, स्टार्टर लागतो तसं. जिन्यात बसलेली. मधोमध, सरांना त्याची गिटार सापडली होती तिथेच.

"तापी," तो म्हणाला, "गाऊ नको. नुसता हुं कर."

"काय?"

"तोंड मिटी ले आनि हुं कर. सूर सोडू नको."

शंभर माणसांत नवऱ्याने असं सांगितल्यावर दुसरी बाई उठून गेली असती. तापीबाईने तोंड मिटलं आणि हुंकार दिला. चुडामणने तिसऱ्या तारेची खुंटी पिळली, थोडी, आणखी थोडी. तार त्या हुंकाराला जाऊन भिडली आणि त्याच्या छातीत मोटार सुरू झाली. ओळखीची. भिंतीपलीकडची. त्याने भराभर बाकीच्या पाच तारा जुळवल्या. हसणारे गप्प झाले. माणूस मोटार उघडून बसला की लोक जमतात, तसे जवळ सरकले.

"आते म्हन."

तिने म्हटलं. पहिल्या ओळीला गिटार तिच्या आवाजाखाली अशी सरकली, जशी जात्याखाली परात. सरांनी दोन पट्ट्या दाबून पाहिल्या, मान हलवली, कीबोर्ड बंद केला आणि टाळी धरली. दुसऱ्या कडव्याला बायका उठल्या. चौथ्याला सुंदरबाई नाचत होती आणि दामिनी हळदीच्या हातांनी डोळे पुसून स्वतःचंच तोंड रंगवून घेत होती.

"काकू, तुम्ही गिरणीत गाता का हो?" गाणं संपल्यावर सरांनी विचारलं.

"मंग! दिनभर म्हनस. कोनले ऐकू जास तठे? माले भी जात नई."

सर हसत सुटले. "काका, तुमची गिटार आणि काकूंचा गळा, दोघं एकाच मोटारीपाशी शिकलेत."

"आखो एक! आखो एक!" मांडव ओरडला. चुडामण आता खुर्चीत मागे रेलून बसला होता, सासऱ्यासारखा.

तापीबाई उठली आणि त्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

"काब्र वं? तठे बरं व्हतं."

"आठे उजवा कानले येस," ती हळू म्हणाली. "डावामा बराच दिन व्हयनात, काहीच येत नई. गिरणीनी कान खाई टाका."

त्याचा हात तारांवर थबकला. "माले सांगं नई?"

"सांगती तं तू गिरणीच बंद करी टाकता. मंग तार कसावर लावता?" तिने त्याच्या कोपराला ढोसलं. "वाजाड आते. लोके थांबी ऱ्हायनात."

त्याने वाजवलं. दुपार सरेपर्यंत सात गाणी झाली, आणि सातही वेळा तापीबाईची मान गिटारीकडे कललेली होती.

गावाने मग हिशेब पुरा केला. चुडामणला एक गळा मिळाला. दामिनीला हळद मिळाली. हिंमतरावांची मोटार गुरुवारी नाही, शनिवारी मिळाली, पण ते रागावले नाहीत. या सगळ्याची किंमत कुणी तरी आधीच भरून ठेवली होती, रोज थोडी थोडी, वीस वर्षं, डाव्या कानाने.