छतावरचे मासे

टिपऱ्या स्वतःच्याच चष्म्यावर बसला. कडकन आवाज झाला तसं स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या मास्तरांनी काचेपलीकडून माइकवर विचारलं, "हा कशाचा आवाज? चांगला होता. पुन्हा करता येईल का?"

"दुसरा चष्मा द्या, करतो," टिपऱ्या म्हणाला.

त्याने अंगाखालून चष्मा ओढून काढला. काचा शाबूत होत्या, पण एक काडी बिजागरीतून निखळून वेगळी हातात आली. चष्म्याशिवाय टिपऱ्याला समोरचे ड्रमसुद्धा अंदाजानेच दिसायचे. आता घोडं अडलं. सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

धाकटा गिटार मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसला होता. त्याची बहीण दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात कामाला होती, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. तिला इथे बोलवायचं का, हे मात्र त्यानेच सांगायला हवं होतं. त्याने एक तार ढिली केली, पुन्हा पिळली.

"फोन कर," तो टिपऱ्याला म्हणाला. "पण तू कर."

बँड मुळात या बहिणीचा, ताईचाच होता. ती गायची, धाकटा वाजवायचा, आणि ती त्याला स्टेजवरूनही 'धाकट्या' म्हणून हाक मारायची. म्हणून सगळेच त्याला धाकट्या म्हणू लागले, अगदी त्याच्याहून लहान असलेला टिपऱ्यासुद्धा. मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. बरेच महिने ताई पाटीवर लिहूनच बोलायची. आवाज परत आला तो खरखरीत आणि खाली बसलेला. "घर वाचलं, वरचा मजला गेला," असं ती पाहुण्यांना हसत सांगायची. त्यानंतर तिने स्टुडिओचा जिना चढला नव्हता. तिच्या जागी आलेला मुलगा मनापासून गायचा, लोकांना आवडायचाही, पण येऊन इतका काळ लोटला तरी बँडमध्ये त्याचं नाव 'नवा' हेच राहिलं होतं.

हल्ली ते ज्या गाण्यामागे लागले होते ते धाकट्याच्या तापातून आलेलं होतं. लहानपणी तो फार आजारी असायचा. ताप चढला की छतावरचे ओलीचे डाग हलायला लागायचे, आणि शेजारी बसलेली ताई विचारायची, "आता काय दिसतंय?" तो सांगायचा, ती त्यात आपली भर घालायची. त्या बडबडीतून या ओळी उरल्या होत्या:

छतावर मासे, त्यांना पावसाचे डोळे,
उशीखाली समुद्र, माझे पाय ओले.

रेकॉर्ड कंपनीचे साहेब अशा गाण्यांना सायकेडेलिक पॉप म्हणायचे. टिपऱ्या भोवळ पॉप म्हणायचा. झांजा उलट्या वाजत होत्या, म्हणजे त्यांचा नाद मिटत जाण्याऐवजी श्वास घेतल्यासारखा फुगत यायचा. ऑर्गनचा आवाज मास्तरांनी एका फिरत्या स्पीकरमधून काढला होता. तो खोलीभर घिरट्या घालायचा. एक गिटारचा तुकडा टेपचं कडं करून, खुर्चीच्या पायाभोवती ताणून, सतत फिरत ठेवला होता. हे सगळं जमलं होतं. अडलं होतं ते मधल्या जागी. तिथे बाकी सगळं थांबून एकच ओळ यायची होती, पाण्याखालून हाक मारल्यासारखी: "वर कुणी आहे का?"

नव्या मुलाने ती ओळ माइकपासून लांब उभं राहून गायली. न्हाणीघराच्या फरशांमध्ये उभं राहून गायली. मास्तरांच्या सांगण्यावरून पत्र्याच्या पिंपात डोकं घालून गायली. तेव्हा टिपऱ्या हसून हसून खाली बसला आणि त्यातच चष्म्याचा निकाल लागला होता. प्रत्येक वेळी सूर बरोबर होता, आणि प्रत्येक वेळी धाकटा मान हलवून म्हणायचा, "अजून एकदा बघू."

ताई येईपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. नवा धाकट्याजवळ येऊन बसला. पिंपाचा गंज त्याच्या केसांना लागला होता.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"मी गातो तेव्हा तू कुणाचा आवाज ऐकत असतोस?"

धाकट्याने तारांवर तळहात ठेवला. वाजत नव्हत्या, तरी ठेवला.

"तसं काही नाही," तो म्हणाला.

"बरं," नवा म्हणाला, आणि केसांतला गंज झटकू लागला.

ताई आली ती दुकानाचा निळा कोट तसाच अंगावर घेऊन. गळ्याभोवती पातळ रुमाल होता. दारात थांबून तिने आधी खोली पाहून घेतली: आवाज दाबायला छताला लावलेले पुठ्ठे, वायरींचे वेटोळे, कोपऱ्यातलं पिंप.

"पिंप कशाला?"

"ते माझं आहे," नवा म्हणाला.

ती हसली. टिपऱ्यासमोर स्टूल ओढून तिने छोटं पाकीट उघडलं आणि चष्मा उजेडाकडे धरला. "बसलास ना यावर?"

"ताई, तू तर डॉक्टर झालीस."

"डॉक्टर नाही रे, लोहार." तिचा आवाज फाटका होता, वाक्याच्या शेवटी हवा सुटायची. "हलू नकोस. कानामागे बघू दे."

ती काम करत होती तेवढ्यात मास्तरांनी सवयीने टेप सुरू केली. मासे आले, समुद्र आला. ताईचे हात थांबले नाहीत. पण मधली जागा आली, सगळं थांबलं, नव्याची पिंपातली हाक आली, तेव्हा तिने पेचकस खाली ठेवला.

"हे तू गाण्यात घातलंस?" तिने धाकट्याकडे न पाहताच विचारलं.

"तेवढीच जागा जमत नाहीये."

"छान तर गातोय हा."

"छान गातोय," धाकटा म्हणाला.

नवा उठला. त्याने माइकची उंची कमी केली, ताईच्या तोंडापर्यंत. "तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना," तो म्हणाला. "मला कळेल तरी, काय हवंय ते."

"अरे, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणू?"

"खाली किती आहे आवाज?" मास्तरांनी काचेपलीकडून विचारलं. ते ताईला पहिल्या रेकॉर्डपासून ओळखत होते.

"खाली आहे थोडाफार. पण हे गाणं केवढं वर आहे."

"मग गाणं खाली आणतो."

त्यांनी यंत्राला जोडलेली वेगाची चकती फिरवली. टेप हळू झाली तसे गाण्याचे सूरही उतरले. ऑर्गन म्हाताऱ्यासारखा बोलायला लागला. "तुम्ही या संथ गाण्यासोबत गा," मास्तर म्हणाले. "नंतर मी टेप मूळ वेगावर आणली, की तुमचा आवाजही गाण्याबरोबर वर चढेल. साधी युक्ती आहे."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. तो वायर सरळ करत होता. जी सरळच होती.

ती माइकसमोर उभी राहिली. हात रुमालाकडे गेला, तिथेच राहिला. संथ गाणं सुरू झालं, मधली जागा आली, आणि तिने ती ओळ म्हटली. खोलीतल्यांना फार काही ऐकू आलं नाही. नुसती एक खरखर, आणि हलणारे तिचे खांदे.

"आता ऐका," मास्तर म्हणाले.

त्यांनी चकती मूळ जागी आणली. मासे पोहत आले, उलट्या झांजांनी श्वास घेतला, आणि खोलीत ताई गायली. पूर्वीची. खरखर वेगाने घासून नाहीशी झाली होती, आवाज पातळ आणि उजळ होऊन वर चढला होता, शाळेच्या गच्चीवरून धाकट्याला हाका मारायची तसा. टिपऱ्या एका काडीचा चष्मा धरून उभाच राहिला. नवा जमिनीकडे पाहत होता, मान हळूहळू हलवत. त्याला कळलं होतं काय हवं होतं ते.

धाकटा भिंतीकडे वळला आणि तिथे टांगलेली वायर पुन्हा गुंडाळू लागला. सगळी गुंडाळून झाल्यावर त्याने ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

ताई मात्र शांतपणे ऐकत होती, दुसऱ्याच्या मुलीचं कौतुक ऐकावं तशी.

"गोड गाते ही," टेप थांबल्यावर ती म्हणाली. "आता मला ऐकवा."

"तुम्हीच आहात की ही," मास्तर म्हणाले.

"नाही हो. मी आत्ता गायले, ते."

"टेप तीच आहे, ताई. फक्त वेग."

"मग वेग उतरवा."

मास्तरांनी उतरवला. गाणं जड झालं, ओलं झालं. त्यातून तिचा आजचा आवाज आला, जमिनीला टेकून चालल्यासारखा. 'आहे का' म्हणताना तो मधोमध फाटला आणि दोन आवाज झाले. ताई स्पीकरच्या जवळ सरकली. किती वर्षांत तिने स्वतःला असं ऐकलं नव्हतं. फाटलं त्या जागी तिने बोट वर केलं. "इथे बघा कसा फाटतो," ती म्हणाली, एखादी गंमत दाखवावी तशी.

"पहिला ठेवू या," धाकटा म्हणाला. तो अजून भिंतीकडेच तोंड करून होता.

"कुणासाठी?"

तो वळला. "गाण्यासाठी, ताई. लोक ऐकतील तुला. पुन्हा."

"मला नाही ऐकणार." ती त्याच्याशी बोलत होती, पण मऊपणे, दुकानात म्हाताऱ्या माणसांना नंबर वाढल्याचं सांगावं तसं. "तुला ताप असायचा, तेव्हा मी बोलले तर तू काय म्हणायचास, आठवतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"म्हणायचास, ताई, तू अशी जाड जाड का बोलतेस? लांबून आणि जाड. मला भीती वाटायची, पण मी बोलत राहायचे. तू डोळे मिटून विचारायचास, वर कुणी आहे का. मी आहे, असं म्हणायचे मी. दर वेळी." तिचा श्वास संपला, थांबून तिने घेतला. "तेव्हा माझा आवाज तुला असाच ऐकू यायचा, धाकट्या. आज कुठे तो खरोखरचा तसा झालाय."

टिपऱ्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर धरून पाहिला आणि काढला.

"असं केलं तर?" शेवटी नवा म्हणाला. "गाणं नेहमीच्या वेगाने जाऊ दे. मधली जागा आली की अख्खं गाणंच बुडू दे खाली. त्यांच्या आवाजापर्यंत. मग परत वर येईल."

"गाणं आजारी पडल्यासारखं वाटेल," मास्तर म्हणाले.

"आजारीच आहे ते," ताई म्हणाली.

दुकानात फोन करून तिने सांगितलं की चष्मा फारच मोडलाय, वेळ लागेल. मग काडी खरंच बसवून टाकली आणि मास्तरांच्या मागे खुर्ची घेऊन बसली. सगळे तुकडे एकत्र करून पक्की टेप उतरवायची होती, आणि ती उतरत असतानाच नेमक्या जागी चकती हाताने फिरवायला हवी होती. मास्तरांचे दोन्ही हात बटणांत गुंतलेले असणार.

"तू फिरव," ताई धाकट्याला म्हणाली.

तो चकतीपाशी उभा राहिला. दोनदा नुसता सराव केला. दोन्ही वेळा गाणं अगदी ओळीच्या आधी खाली गेलं, हाक पुरी खरखरीत आली, आणि मास्तरांनी अंगठा दाखवला. मग खरी टेप लावली.

छतावर मासे आले. उशीखाली समुद्र आला. झांजांनी श्वास घेतला, सगळं थांबलं, चकती फिरवायची वेळ आली. धाकट्याची बोटं चकतीवर होती. ती हलली नाहीत.

"वर," ताई गायली. पूर्वीची, उजळ, गच्चीवरची.

मग बोटं हलली. गाणं घसरत खाली गेलं, आणि 'कुणी आहे का' आजच्या आवाजात आलं, जड होत, फाटत, तळाशी टेकत. धाकट्याने हळूहळू चकती परत आणली. मासे वर आले. गाणं संपलं.

मास्तरांनी बटणं बंद केली. "एक शब्द उशीर झाला," ते म्हणाले. "काही हरकत नाही. दुसऱ्यांदा घेऊ."

धाकट्याने हात चकतीवरून काढून खिशात घातला. तो कुणाकडेच पाहत नव्हता. मास्तरांनी टेप मागे घ्यायला बटण दाबलं.

ताई पुढे झुकली आणि तिने ते बटण थांबवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढं असू दे त्याला."