पान एकशे बाराचा ‘मी’

कादंबरीतला ‘मी’ मोठा अजब गृहस्थ होता. गिरणीला आग लागली तेव्हा शिडी त्यानेच लावली, दोर त्यानेच टाकला, मागच्या खिडकीतून अकरा बायकाही त्यानेच उतरवल्या. बाकीच्या कामगारांना देवाने हात दिले होते की नाही, शंकाच यावी. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या ताईंनी असे ‘मी’ पुष्कळ पाहिले होते. माणूस आठवणी वाढायला बसला की आपल्या ताटात जरा जास्तच ओढतो. पण एकशे बाराव्या पानावर त्यांचं पेन थबकलं.

‘फाटकावरचा लंगडा पहारेकरी किल्ल्या घेऊन पळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.’

त्या बंद फाटकाशी सात माणसं होरपळून गेली होती. आणि तिथला लंगडा पहारेकरी म्हणजे ताईंचे बाबा. कुलूप तापून अडकलं, किल्ली फिरेना, एवढंच त्यांनी लेकीला चाळीस वर्षं सांगितलं होतं. आता बाबांची नजर गेलेली. कादंबरी कधी वाचून दाखवतेस म्हणून रोज मागे लागायचे. पुस्तक शाळाशाळांतून जाणार होतं. एकदा छापलं की तोच इतिहास.

छापखान्याचा नियम कडक होता. समासात शंका लिहिली की लेखकाने स्वतःच्या अक्षरात उत्तर द्यायचं. तोवर पान मशीनवर चढत नाही. ताईंनी एकच ओळ लिहिली: ‘निवेदक या वेळी मागच्या खिडकीत आहे. तिथून पुढचं फाटक दिसतं का?’

लेखक, म्हणजे गिरणीचा जुना टाइमकीपर, दुपारी आला. शंका वाचून आधी हसला. कादंबरी आहे, ‘मी’ म्हणजे मी थोडाच, म्हणाला. मग पहारेकऱ्याचा पाय कुणाचा, असं ताईंनी विचारलं तेव्हा त्याचं हसू मावळलं. हवं तर ‘मी’ला फाटकावर न्या, त्यांनी सुचवलं, फक्त त्या अकरा बायका मग दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घालाव्या लागतील.

टाइमकीपरने पेन उघडलं, मिटलं. खिडकी सोडवत नव्हती. शेवटी ‘पळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला’ खोडून त्याने लिहिलं: ‘पळाला, असं मी नंतर ऐकलं.’

“कुणाकडून?” ताईंचा आवाज चढला.

“ते विचारू नका, ताई.”

“नाव नाही म्हणजे वावडीच ना?”

त्याने सही केली, टोपी उचलली आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, ताई मनात म्हणाल्या. लढाई अर्धी तरी जिंकली होती.

संध्याकाळी त्यांनी बाबांना ते पान वाचून दाखवलं. ‘ऐकलं’ या शब्दावर मुद्दाम जोर दिला. ऐकीव गोष्टीला काय किंमत, असंही वर जोडलं.

बाबांनी हाताने चादर सारखी केली.

“कुणी सांगितलं, ते नाही घातलं त्याने?”

“नाव असेल तर घालेल ना.”

“आगीनंतर आठव्या दिवशी त्याच्या घरी गेलो होतो,” बाबा म्हणाले. “मीच सांगितलं. कुणापाशी तरी बोलायला हवं होतं. किल्ली खिशातच होती, पोरी.”

ताईंनी पान मिटलं नाही. पुढे वाच, बाबा म्हणाले, त्या सातांची नावं तरी बरोबर घातलीत का बघू.