आधी पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. माझ्या पोटाला दोन पोचे आले आहेत आणि बूड जरा कलतं झालं आहे. पण मानेवर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव अजून वाचता येतं. ते नाव लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्या अक्षरांपाशी येऊन थांबते.

परभणीच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. ताडकळसच्या चतुराबाईंनी मला विकत घेतलं आणि मानेवर आपल्या लेकाचं नाव घालून घेतलं, 'किशनराव'. तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळेत उर्दू चाले, पण नाव मात्र बाईंनी बाळबोध मराठी अक्षरांतच घालायला लावलं.

माझी जागा ओसरीवरच्या कोनाड्यात होती. बांगड्या घेऊन येणारी कासारीण असो, डाकवाला असो, की दारावर आलेला फकीर असो, आधी मी पुढं व्हायचो. चतुराबाईंचा तसा दंडकच होता, "आधी पाणी, मंग इचारपूस." तहानलेल्या माणसाला नाव-गाव विचारणं त्यांना फार हलकं वाटे.

किशनरावांची लेक हेमा पाच वर्षांची झाली आणि तिची पाणी द्यायची शिकवणी सुरू झाली. पोर मला दोन्ही हातांनी कवटाळून आणायची, निम्मं पाणी ओसरीवर सांडायची आणि पेल्यात हमखास अंगठा बुडवायची. मला अगदी लाजल्यासारखं व्हायचं. चतुराबाई हसून म्हणायच्या, "अंगठा बाहीर ठिव गं माय. पाव्हण्याला पाणी पिऊ दे, तुजा अंगठा नगं." वर्षभरात हेमा इतकी तयार झाली, की येणारा माणूस पायरी चढायच्या आत मी तिच्या हातात असायचो. लोक तिचं कौतुक करायचे आणि मीही उगाच फुशारून जायचो.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाच्या बाजूनं गावं लुटणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं सगळं चिडीचूप झालं. किशनराव निजामाविरुद्धच्या चळवळीत होते. एके दिवशी ते सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निघून गेले आणि त्यांची काहीच खबर येईना. चतुराबाई अंथरुणाला खिळल्या. सकाळ-संध्याकाळ त्यांचा एकच प्रश्न असे, "किशनचा काई निरोप?"

किशनरावांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मला कोनाड्यातून उचलून आत कणगीमागं ठेवलं. हेमाला त्यांनी बजावलं, "कुनी बी आलं तरी दार उघडू नको. कोण, कुठलं, ते आधी इचार." मी त्यांना दोष देत नाही. जळालेल्या घरांच्या बातम्या रोज येत होत्या. पण भीतीबरोबर सवयही लागते, मित्रांनो. सगळ्या गल्लीतलं 'या, बसा' बंद झालं. ओळखीच्या म्हाताऱ्यानं हाक मारली तरी पोरं ओ देईनाशी झाली. मोठ्यांनीच सोडलं, मग लेकरांनी कुणाकडं बघून शिकावं?

वैशाखातली दुपार होती. पार्वतीबाई विहिरीवर गेल्या होत्या. चतुराबाईंचा जरा डोळा लागला होता. दाराबाहेरून थकलेला आवाज आला, "माय, घोटभर पाणी मिळंल का?"

चतुराबाईंसाठी मी भरलेला होतो. हेमाचा हात माझ्याकडं आला, माझ्या गळ्याला लागलासुद्धा. मग तिला आईचं बोलणं आठवलं. तिनं हात मागं घेतला आणि आतूनच विचारलं, "कोण हाय तुमी? कुठून आलाव?"

बाहेरचा माणूस एक पायरी उतरला. मग म्हणाला, "न्हाई माय. हे घर न्हाई." पावलं लांब गेली. त्याच्या बोलण्याचा अर्थ हेमाला कळला नाही आणि मलाही कळला नाही.

आषाढात चतुराबाई गेल्या. शेवटचा घोट त्यांनी माझ्यातलाच घेतला. डोळे दाराकडं होते. "किशनचा काई निरोप?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटले.

भाद्रपदात भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि पार्वतीबाईंनी मला पुन्हा कोनाड्यात ठेवलं. दसऱ्याच्या सुमारास दाढी वाढलेला, हडकुळा माणूस पायरीशी उभा राहिला. "पाणी मिळंल का?" त्याचा आवाज बसलेला होता. हेमानं त्याला ओळखलं नाही, पण काही न विचारता मला त्याच्या हातात दिलं. त्यानं पाणी प्यायच्या आधी माझ्या मानेवरून बोट फिरवलं, आणि तो ढसाढसा रडू लागला. ते किशनराव होते.

"कोणीच न्हाई ऱ्हायलं समजून बसलो होतो मी," ते म्हणाले. "वैशाखात आमच्या कॅम्पातल्या भुजंगला धाडलं होतं, मी खुशाल हाय म्हून सांगायला. नाव इचारत फिरला असता तर धरला असता. म्हून त्याला म्हणलं, देवळामागच्या गल्लीत जा, पाणी माग. जे घर काई न इचारता पाणी दील ते माजं. तांब्यावर नाव वाच अन् मंगच निरोप दे. तो माघारी आला अन् म्हणला, त्या गल्लीत तुमचं घर न्हाई."

मग त्यांनी आत डोकावून पाहिलं. "माय कुठं हाय?"

पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हेमा खांबाला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "दादा, मी आधी इचारलं."

तिला कुणी रागावलं नाही. किशनरावांनी तिला जवळ घेतलं. पण त्या दिवसापासून रोज सकाळी हेमा मला स्वतः चिंचेनं घासू लागली, आणि मानेपाशी आली की तिचा हात सावकाश चाले.

मित्रांनो, आता मी फडताळात मागच्या रांगेत असतो. अनोळखी माणसाला दार उघडू नका, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतात. त्यांचं जरूर ऐका. पण खिडकीतून पेला देता येतो, आतून गोड बोलता येतं. कुणी पाणी मागितलं तर आधी पाणी द्या. चतुराबाईंना जो निरोप मिळाला नाही, तो दाराबाहेर उभा होता आणि मी आत भरलेला होतो.